ध्वनिमुद्रिकांची घरगुती निगा

ध्वनिमुद्रिकांची घरगुती निगा (मुंबई उपनगरे) : ग्रामोफोनच्या तबकड्या, म्हणजेच बोलीभाषेतल्या ‘रेकॉर्डी’, घरी धुणे, वाळवणे व ठेवणे. बोरिवली, अंधेरी, घाटकोपर, मुलुंड येथील जुन्या घरांत बालगंधर्वांच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आणि ‘गीतरामायणा’च्या एलपी एकाच कपाटात असू शकतात. दोन्हींना एकच उपाय करता येत नाही.

७८ ची तबकडी मुख्यतः लाख व खनिज भुकटी यांची, जड आणि ठिसूळ असते. १९४८ मध्ये आलेली एलपी व्हिनाइलची, किंचित लवचिक. सालावरून अंदाज बांधू नये. भारतात साठच्या दशकातही लाखेच्या तबकड्या निघत होत्या, बीटल्सची गाणीसुद्धा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. सुतार चपडा स्पिरिटमध्ये घोळूनच पॉलिश तयार करतात. त्यामुळे स्पिरिट, कोलनवॉटर किंवा सॅनिटायझर लावलेल्या ७८ ची खाच कायमची बिघडते.

उपनगरांत धुळीपेक्षा बुरशी अधिक छळते. पावसाळ्यात ती आधी पुठ्ठ्याचे कव्हर, त्याची खळ आणि बोटांचा तेलकट डाग धरते व तिथून खाचेत उतरते. वाजवताना येणारी सततची चरचर पुष्कळदा तिचीच असते. बुरशी आलेली तबकडी कोरडी घासू नये, कारण कण खाचेत आणखी दाबले जातात.

एलपी धुताना मधले लेबल कोरडे राखावे. कोमट पाण्यात बिनवासाच्या सौम्य साबणाचे एकदोन थेंब टाकून मऊ केसांचा ब्रश खाचेच्या दिशेने, गोल फिरवावा. आडवा कधीच नाही. महापालिकेचे तलावांचे पाणी एकंदरीत हलके असते, पण सोसायटीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी येत असेल तर त्याचे क्षार वाळून खाचेत बसतात. म्हणून शेवटची धुवण डिस्टिल्ड पाण्याची असावी. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळते ते चालते. नंतर तबकडी स्वच्छ ताटाळ्यात उभी करून पंख्याखाली वाळवावी. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत वरून कोरडी दिसली तरी लगेच पाकिटात घालू नये. लाखेची तबकडी भिजत न ठेवता चटकन धुऊन तितक्याच चटकन टिपावी.

फेव्हिकॉलसारख्या पांढऱ्या डिंकाचा जाड थर देऊन तो वाळल्यावर साल काढावी तसा सोलायचा, ही युक्ती संग्राहकांत प्रसिद्ध आहे. व्हिनाइलला हा डिंक धरत नाही, घाण मात्र उचलतो. तरीही थर कुठे पातळ राहिला तर तुकडे खाचेत अडकतात. हा उपाय अखेरचा समजावा, आधी टाकाऊ एलपीवर करून पाहावा आणि लाखेवर करूच नये.

गाद्यांना आणि धान्याला ऊन दाखवायची आपली सवय इथे घातक ठरते, कारण उन्हात व्हिनाइल वाकते. ऊन दाखवायचेच तर रिकाम्या कव्हरांना, तेही सकाळचे कोवळे. माळ्यावर किंवा ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला लागून तबकड्या ठेवू नयेत. एलपी उभ्या, न दाबता, न कलता ठेवाव्यात. आतले बुरसटलेले कागदी पाकीट बदलावे, छापील कव्हर मात्र जपावे. त्यावरची श्रेयनामावली अन्यत्र मिळेलच असे नाही. पीव्हीसीची पारदर्शक पाकिटे वर्षानुवर्षे चिकटून राहिली तर तबकडीवर धुरकट थर चढतो, त्यापेक्षा पॉलिथीनची बरी.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला व उपनगरांतल्या तळमजल्यांवर पाणी शिरले. अशा चिखलात सापडलेल्या एलपी चिखल वाळण्याआधी धुतल्या तर बहुधा वाचतात, कव्हरे क्वचितच.

सुईची निगा तेवढीच मोलाची. ७८ ची पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलावी लागते. तिची २०० सुयांची पत्र्याची डबी पूर्वी घरोघरी असे. झिजलेली सुई तबकडी कुरतडते, आणि ते नुकसान कोणत्याही धुण्याने भरून निघत नाही.

१९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने ‘द रेकॉर्ड न्यूज’ या नियतकालिकातून जुन्या तबकड्यांविषयी बरीच माहिती प्रसिद्ध केली आहे.