बॉनेटखालचे रविवार

मोटारीचा इतिहास आपल्याकडे लिहिला गेला तो कारखानदारांच्या चरित्रांतून आणि सरकारी अहवालांतून. कोणती गाडी कुठे तयार झाली, कधी निघाली, कधी बंद पडली, हे सारे त्यांत सापडते. मात्र ‘बंद पडली’ याचा अर्थ तिथे ‘उत्पादन थांबले’ एवढाच असतो. भर पावसात घाटात बंद पडणे किंवा मेहुणीच्या लग्नाला निघताना दारातच बंद पडणे, याची नोंद कोणी घेतलेली नाही. आणि मग बाह्या सारून खुद्द मालकानेच बॉनेट उघडणे, त्याची तर नाहीच नाही. हा लेख त्या राहून गेलेल्या नोंदीविषयी आहे.

माझी साधने साधी आहेत. फियाट बाळगणाऱ्या अनेक गृहस्थांना गाडीची वही ठेवायची सवय होती. तारीख, किलोमीटरचा आकडा, केलेले काम, झालेला खर्च. पुढे मालक गेले, गाडी भंगारात गेली आणि वही रद्दीत आली. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी फिरताना अशा काही वह्या माझ्या हाती लागल्या, काही ओळखीच्या घरांतून मिळाल्या. त्यांच्या जोडीला या मालकांच्या मुलामुलींशी झालेल्या गप्पा. एवढ्या भांडवलावर महाराष्ट्राचा इतिहास लिहिता येणार नाही, पण मध्यमवर्गीय अंगणाचा थोडाफार लिहिता येतो.

आधी गाडीची हकीकत. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून अमेरिकन क्रायस्लरच्या सुट्या भागांची जुळणी केलेली वाहने बाहेर पडू लागली. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४च्या सुमारास ‘११००’ आली. इटलीत तिला ‘मिलेचेंतो’, म्हणजे नुसतेच ‘अकराशे’, म्हणत. आपल्या लोकांनी तिचे गोलमटोल अंग पाहून ‘डुक्कर फियाट’ असे बारसे केले. १९६४ साली ‘डिलाइट’ आली. हे मॉडेल इटलीत १९६२ साली निघाले आणि १९६६ साली तिथे त्याची जागा दुसऱ्या मॉडेलने घेतलीही. कुर्ल्यात मात्र ते विसावे शतक संपेपर्यंत निघत राहिले. मधल्या काळात नाव बदलून ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. लोक शेवटपर्यंत फियाटच म्हणाले.

ती इतकी वर्षे टिकली याचे कारण कारखान्यापेक्षा दिल्लीत अधिक सापडते. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीनुसार, ज्या कंपन्या नुसती जुळणी करतात आणि देशात उत्पादनाचा कार्यक्रम हाती घेत नाहीत त्यांना इथे जागा नाही, असे धोरण ठरले. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी गाशा गुंडाळला. मोटार घेणाऱ्यापुढे उरल्या मुख्यतः तीन गाड्या: अँबॅसडर, फियाट आणि स्टँडर्ड. किती गाड्या काढायच्या हे परवान्याने ठरे. १९५९च्या नियंत्रण आदेशाने गाडी कोणाला, कशी विकायची हेही ठरवून दिले आणि नवी गाडी ठरावीक मुदतीत परत विकायलाही बंदी आली. १९६९ साली किमतीही सरकारने बांधल्या. गाडीसाठी नाव नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. नाव नोंदवताना मुलगी प्राथमिक शाळेत होती आणि गाडी आली तेव्हा कॉलेजात गेली होती, अशा आठवणी मी एकाहून अधिक घरांत ऐकल्या.

इतक्या वाटेने आलेली गाडी कोणी पाच वर्षांत काढून टाकत नसे. ती वीस वर्षे ठेवायची, हे गृहीतच होते. वीस वर्षांत कोणतेही यंत्र आजारी पडणार आणि दर वेळी गॅरेज परवडणार नाही, हा हिशेब बँकेतल्या कारकुनालाही कळत होता. त्यात मॉडेल बदलत नसल्यामुळे एक मोठीच सोय झाली. १९६५ साली शिकलेली दुरुस्ती १९९५ सालीही उपयोगी पडे. संगणक शिकणाऱ्या आजच्या माणसाच्या नशिबी हे सुख नाही. निवड नाकारणाऱ्या त्याच व्यवस्थेने दुरुस्तीचे ज्ञान घरात येऊ दिले, हे माझ्या मते या साऱ्या प्रकरणातले लक्षात ठेवण्याजोगे सूत्र आहे.

यंत्रही शिकण्याजोगे होते. १०८९ सीसीचे चार सिलिंडरांचे इंजिन, आणि बॉनेट उघडले की आजूबाजूला हात घालायला ऐसपैस जागा. गाडी चालू होत नसेल तर प्रश्न दोनच: करंट येतो का? पेट्रोल येते का? करंटचा रस्ता बॅटरीकडून कॉइलकडे, तिथून डिस्ट्रिब्युटरकडे आणि मग प्लगपर्यंत. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले की आत पॉइंट दिसत. प्रत्येक ठिणगीच्या वेळी ते उघडतात, मिटतात, आणि कालांतराने जळून खडबडीत होतात. कंडेन्सर गेला असेल तर लवकरच जळतात. ते पॉलिश पेपरने घासायचे, फीलर गेजची पाती मध्ये घालून फट नेमकी करायची, झाकण लावायचे. फट जास्त ठेवली तर इंजिन खोकते, कमी ठेवली तर सुस्तावते. हे सारे अर्ध्या तासाचे काम. वह्यांवरून पाहता त्याला सकाळचे दहा ते दुपारचे दोन लागत.

वेळ लागण्याची कारणे यांत्रिक कमी आणि मानवी जास्त असत. पहिले कारण पाना. फियाट मिलिमीटरची, तर अँबॅसडर आणि जीप इंचांच्या. शेजाऱ्याकडे अँबॅसडर असेल तर त्याचा पाना आपल्या नटाला ‘जवळपास’ बसे, आणि त्या ‘जवळपास’ने पुष्कळ नटांचे कोपरे गोल झाले. एकदा नट गोल झाला की पक्कड, मग छिन्नी, मग हातोडी, आणि शेवटी मिस्त्री असा क्रम ठरलेला. दुसरे कारण हातातून निसटलेला वॉशर. तो जमिनीवर कधीच पडत नसे. इंजिन आणि जमीन यांच्या मध्ये कुठेतरी तो अडके आणि घरातली सगळी मुले बॅटऱ्या घेऊन पालथी पडत. तिसरे कारण सल्लागार. बॉनेट उघडे दिसले की सोसायटीतला जाणारा-येणारा प्रत्येक पुरुष थांबे, दोन्ही हात मागे बांधून आत डोकावे आणि ‘कार्बोरेटर असणार’ असे सांगून निघून जाई.

उन्हाळ्याचे दुखणे वेगळे. फियाटचा पेट्रोलपंप इंजिनाला लागूनच होता. रहदारीत इंजिन तापले की पंपातल्या पेट्रोलची वाफ होई आणि पेट्रोल पुढे सरकेनासे होई. इंग्रजीतला ‘व्हेपर लॉक’ हा शब्द गॅरेजात अनेक रूपे घेऊन वावरला, पण उपाय एकच: पंपावर ओले फडके. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी तो सर्रास वापरला आणि घरगुती मालकांनी त्यांच्याकडून उचलला. फडके वाळले की पुन्हा भिजवायचे. तापाच्या रोग्याच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या घड्या ठेवणाऱ्या घरांना हा उपचार नवा वाटला नसावा.

किंबहुना दुरुस्तीचे अर्धे सामान स्वयंपाकघरातूनच जाई. इंजिनातले काळे तेल काढायला जुनी परात, पेट्रोल गाळायला चहाची गाळणी, आणि रेडिएटर गळत असेल तर हळद. रेडिएटरच्या पाण्यात हळदपूड टाकली की ती बारीक भेगेत जाऊन बसते आणि गळती तात्पुरती थांबते, हा ट्रकवाल्यांचा जुना तोडगा. एका बाईंनी मला सांगितले की त्यांच्या घरी मिसळणाच्या डब्याला हात लावण्यापूर्वी यजमानांना परवानगी घ्यावी लागे. गाळणीच्या प्रकरणानंतर तो नियमच झाला होता.

वह्यांत बायकांचे नाव येत नाही. पण ब्रेकची नोंद आली की तिथे दुसरे माणूस असलेच पाहिजे, हे यंत्राची माहिती असणाऱ्याला कळते. ब्रेकच्या तेलात हवा शिरली तर पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. ती हवा काढायला एकाने आत बसून पेडल दाबून धरायचे आणि दुसऱ्याने चाकापाशी निपल किंचित सैल करून बुडबुड्यांसह तेल बाहेर सोडायचे. निपल बंद होण्याआधी पेडल सुटले तर हवा पुन्हा आत. गाडीखालून ‘दाब’, ‘धर’, ‘सोड’ असे हुकूम सुटत आणि आत बसलेली पत्नी ते पाळत असे. ‘आयुष्यात एवढी एकच गोष्ट ते माझ्या पायावर विसंबून करायचे,’ असे एकीने हसत सांगितले. चार चाकांचे काम झाल्यावर कुटुंबाचा जीव ज्या ब्रेकवर अवलंबून होता तो दोघांचा होता. वहीत मात्र, ब्रेक मी दुरुस्त केला, एवढेच येते.

दुसरी आणि मोठी गाळलेली जागा मिस्त्रीची आहे. घरच्या दुरुस्तीला मर्यादा होत्या. क्लचप्लेट बदलायची तर गिअरबॉक्स उतरवावा लागे. पिस्टनच्या रिंगा किंवा ‘हाफ इंजिन’ हे अंगणातले काम नव्हते. तिथे मिस्त्री येई. ‘ओव्हरहॉलिंग’ला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतो म्हणून मालक त्याला हसत, पण त्याच्या शेजारी उकिडवे बसून तो काय करतो ते डोळे फाडून पाहत. इंग्रजी मॅन्युअल कपाटात होते. त्यातली आकृती आणि समोरचे इंजिन यांची गाठ घालून दिली ती या माणसाने. इंजिनाला स्क्रू ड्रायव्हरचे टोक लावून मूठ कानाशी धरायची आणि कोणता टॅपेट वाजतो ते ओळखायचे, हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा म्हणजे उलटा झटका बसला तरी हात वाचतो, असले शिक्षण पुस्तकातून क्वचितच मिळते. मी पाहिलेल्या वह्यांत कॉइलची किंमत पैशांसकट लिहिलेली आहे, टायरचा क्रमांक आहे, पेट्रोलपंपाचे गाव आहे. मिस्त्रीचे नाव मला एकाही वहीत मिळाले नाही. ‘मिस्त्री’ आणि पुढे रुपये, एवढीच त्याची नोंद.

मी स्वतः इतिहासाची पदवी घेतलेला नाही, कदाचित म्हणून ही जागा मला जास्त बोचते. कागदाशिवाय मिळालेली विद्या कागदावर सहज उतरत नाही, आणि उतरली तरी ज्याच्याकडे पेन आहे त्याच्या नावावर उतरते.

तरीही या रविवारांनी काहीच बदलले नाही असे म्हणता येणार नाही. ज्या घरांत दसऱ्याला पाटी-पुस्तकाची पूजा व्हायची आणि हत्यारांची पूजा सुतार-लोहारांकडे असते असे मानले जायचे, त्या घरांत खंडेनवमीला पानेही मांडले जाऊ लागले. एका घरात मी हळदीकुंकवाचे डाग पडलेला लाकडी हत्यारांचा खोका पाहिला. आतले पाने गंजले आहेत, पण एका मापाचेही कमी नाहीत. हाताने करायचे काम कमी प्रतीचे, ही समजूत तेलकट हातांनी जेवायला बसणाऱ्या हेडक्लार्कने वादविवाद न करता थोडी ढिली केली.

डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली आणि न खोळंबणारी गाडी कशी असते ते लोकांना कळले. फियाटचे बरेच मालक तिकडे गेले, आणि त्यांना दोष देता येणार नाही. भिजलेल्या फडक्याचे कौतुक दुरून वाटते, भर दुपारी दादरच्या पुलावर वाटत नाही. २०००च्या आसपास प्रदूषणाचे नवे निकष आले. कार्बोरेटर आणि पॉइंट यांची जागा संगणकाने चालणाऱ्या यंत्रणेने घेतली. हवा स्वच्छ होण्यासाठी ते गरजेचे होते. पण बॉनेट उघडून विचारायचे ते दोन प्रश्न आता मालकाला विचारता येईनात. उत्तर देणारे उपकरण अधिकृत सर्व्हिस सेंटरात होते.

ते केवळ मालकापासूनच दूर गेले असे नाही. ऑगस्ट २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची उपकरणे स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू दिली जात नाहीत, हा त्यातला मुख्य आक्षेप. जुलै २०२२मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’चा आराखडा करण्यासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत मोटारीही आहेत. म्हणजे परवान्यांच्या काळात भाग मिळत नव्हते पण माहिती रस्त्यावर होती. आता भागांचे कारखाने गावोगाव आहेत आणि माहिती कुलपात आहे. ते कुलूप आज सर्वांत जास्त नडते ते त्याच बिननावाच्या मिस्त्रीला.

मुंबईत काळी-पिवळी टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून ती रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांत गाडीवर भरभरून लिहून आले.

 माळ्यावरच्या ट्रंकेत तेलाचे बोट उमटलेली एखादी वही सापडली असेल तर ती रद्दीत घालू नका. आणि घरात कोणी वडीलधारे असतील तर त्यांना आठवणीने विचारा, आपल्या गाडीचा मिस्त्री कोण होता, गॅरेज कुठे होते. नाव कळले तर वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.