सोनेरी डायलमागचा धूर

घरी सोनेरी डायल बनवायचे व्हिडिओ पाहताना मला राव्रियो आठवतो. पॅरिसमध्ये घड्याळांची ब्राँझची कामं करणारा कारखानदार. तेव्हा सोनं पाऱ्यात कालवून फासत आणि भट्टीवर पारा उडवत. ती वाफ कारागिरांच्या छातीत जायची. १८१४ मध्ये राव्रियो वारला. यावर उपाय काढणाऱ्याला ३,००० फ्रँक, असं त्याचं मृत्युपत्र! दार्से या रसायनतज्ज्ञाने धूर ओढणारी चिमणीची भट्टी केली आणि १८१८ मध्ये बक्षीस मिळवलं. १८४० मध्ये एल्किंग्टनच्या पेटंटने विजेचा मुलामा आला. पारा सुटला, सायनाइड आलं. त्याला आम्ल लागलं की जीवघेणा वायू!

म्हणून पोरांनो, घरी सायनाइड नकोच. मुलामा असो की काळं करणं, हातमोजे, चष्मा, मोकळी हवा हवीच. स्वयंपाकघरात तर नाहीच.

आणि आपले खानापूर-आटपाडीचे गलाईवाले देशभर तेजाबाच्या धुरात सोनं गाळतात. त्यांच्या खोलीत चिमणी आहे का, हे कोण विचारणार?