घोरावाडी आणि बेगडेवाडी: पुणे लोकलचे दोन थांबे

पुणे–लोणावळा लोहमार्गावर देहू रोड आणि तळेगाव यांच्या दरम्यान बेगडेवाडी व घोरावाडी ही दोन लहान स्थानके लागतात. लांब पल्ल्याच्या गाड्या ती ओलांडून पुढे जातात. येथील उतारूंची सगळी भिस्त लोकलवर असते.

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने खंडाळा ते पुणे हा मार्ग 14 जून 1858 रोजी खुला केला. तेव्हा बोरघाटाचे काम चालू होते. मुंबईहून निघालेला प्रवासी घाटाखाली उतरून पालखीतून किंवा तट्टावर बसून खंडाळा गाठी आणि तेथून पुढची गाडी धरी. 1863 मध्ये घाटातून रेल्वे धावू लागली. मुंबई बंदर देशाशी जोडणे हा कंपनीचा मुख्य हेतू होता. मावळातल्या वाड्यांची रोजची ये-जा तिच्या हिशेबात फारशी नव्हती. वाफेच्या इंजिनाची गाडी थांबवून पुन्हा वेगात आणण्यात कोळसा आणि वेळ दोन्ही जाई, त्यामुळे जवळजवळचे थांबे परवडत नसत.

कल्याण–पुणे मार्गाचे विद्युतीकरण 1929 मध्ये झाले आणि पुढच्याच वर्षी 'दख्खनची राणी' सुरू झाली. पुण्याला विजेवरची लोकल मिळायला मात्र 1978 साल उजाडले. ही दिरंगाई खटकते, कारण दरम्यान पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली होती आणि साठच्या दशकात औद्योगिक वसाहतही वाढली होती. कामगार, विद्यार्थी आणि दूध-भाजी विकणारे यांना परवडणारे वाहन हवे होते. लोकल चटकन वेग घेते आणि टोकाला इंजिन फिरवावे लागत नाही, म्हणून लहान वस्तीपाशीही अर्धा-एक मिनिट थांबणे तिला जमते.

अशा लहान थांब्यांपैकी पुष्कळ 'हॉल्ट' असतात. रेल्वेच्या व्यवस्थेत 'हॉल्ट' म्हणजे गाड्यांच्या नियमनात भाग नसलेले स्थानक. तेथे सांधे बदलायचे नसतात की गाडीला 'लाइन क्लिअर', म्हणजे पुढचा मार्ग मोकळा असल्याची परवानगी, द्यायची नसते, त्यामुळे स्टेशनमास्तरची गरज पडत नाही. गाडी कोठे थांबवायची हे मोटरमनला वेळापत्रकावरून ठाऊक असते. गार्डने घंटा दिली की ती सुटते. पुष्कळ हॉल्टवर तिकीटविक्री कमिशनवर नेमलेल्या एजंटाकडे सोपवलेली असते.

घोरावाडीजवळच्या डोंगरात शेलारवाडीची बौद्ध लेणी आहेत. धेनुकाकट या प्राचीन गावातील एका शेतकऱ्याच्या पत्नीने दिलेल्या दानाचा शिलालेख तेथे आहे. एका लेण्यात पुढे घोरावडेश्वर महादेवाची स्थापना झाली. तुकाराम महाराज या डोंगरावर चिंतनाला बसत, अशी परंपरा आहे. महाशिवरात्रीला येथे यात्रा भरते.

मार्च 2020 मध्ये करोनाच्या टाळेबंदीमुळे लोकल बंद पडताच अशा वाड्यांचा रेल्वेशी संबंध तुटला. पुणे–लोणावळा तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेची आखणी करताना या थांब्यांवरील निवारा, दिवे आणि पादचारी पूल यांची तरतूद पहिल्या आराखड्यातच असायला हवी.