केसरबाईंची भैरवी, टेबलाखालचं खोकं आणि आपल्या घरातल्या तबकड्या

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

१९७७ साली नासानं व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दोन्हींत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी आहे. वाटेत कुणी भेटलंच तर त्यानं पृथ्वीवरचं गाणं ऐकावं, ही कल्पना. त्यात भारतातलं गाणं एकच. गोव्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी, जेमतेम साडेतीन मिनिटांची. इथपर्यंतचं दर वर्षी व्हॉट्सॲपवर फिरतं, तुम्हीही फॉरवर्ड केलं असेल.

फिरत नाही ती पुढची गोष्ट. हे गाणं सुचवलं रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत अभ्यासकानं. पण ती एलपी तोवर बाजारातून गेलेली. निवड करणाऱ्या मंडळींतल्या ॲन ड्रुयान न्यूयॉर्कमध्ये ती शोधत फिरल्या. शेवटी लेक्सिंग्टन ॲव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाचं उपकरणांचं दुकान होतं, तिथे पत्ते खेळायच्या टेबलाखालच्या खोक्यात तीन न उघडलेल्या प्रती मिळाल्या. त्या दुकानदाराला आधीच्या दिवाळीत साफसफाईची हुक्की आली असती, तर काय झालं असतं विचार करा.

आता दुसरी बाजू. केसरबाईंचे गुरू अल्लादिया खाँसाहेब, १९४६ साली गेले. त्यांचा आवाज आज कुणालाही ऐकता येत नाही, रेकॉर्डच नाही. भास्करबुवा बखले १९२२ साली गेले. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णरावांसारखे शिष्य घडवणारा हा माणूस, त्यांचीही रेकॉर्ड नाही. म्हणजे शिष्येचा आवाज सूर्यमालेच्या पलीकडे गेला आणि गुरूचा आवाज कोल्हापूर-मुंबईतच विरला. मध्ये फरक फक्त एका तबकडीचा.

हे सगळं आठवायचं कारण असं, की आपल्या भागातल्या एका जुन्या वाचनालयानं (नाव घेत नाही, माणसं चांगली आहेत) जुन्या रेकॉर्ड्सच्या दोन लाकडी पेट्या 'निरुपयोगी साहित्य' म्हणून काढायचं ठरवलंय. रजिस्टरमध्ये पुस्तकांना रकाना आहे, तबकड्यांना नाही. कोणे एके काळी कुणी वकिलानं दिलेल्या, बहुतेक ७८ च्या. वाजवायला मशीन नाही, बुरशी आलीय, जागा अडते. मी विचारलं, यादी केलीत का? उत्तर आलं, "अहो, त्यात काय बघायचं, जुनी गाणी सगळी यूट्यूबवर आहेत."

नाहीत. तेच सांगायचंय.

आपल्याकडे हे सुरू झालं १९०२ साली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरमध्ये त्यानं गौहर जानचा आवाज मेणाच्या चकतीवर उतरवला. मायक्रोफोन नव्हता. भोंग्यात तोंड घालून ओरडल्यासारखं गायचं. गाणं संपलं की ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. कारण तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या आणि तिथल्या कामगारांना कोण गातंय हे कळायला हवं! १९०८ च्या सुमारास कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, तेव्हा तो फेरा चुकला. गंमत म्हणजे या तबकड्यांचा कच्चा माल आपलाच. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवरच्या किड्यांची लाख, त्यात दगडाची भुकटी आणि काजळी. त्या लाखेवर जगभरची गाणी छापली जायची.

दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. तासभर राग मांडणाऱ्या गवयाला ते अपमानास्पदच वाटणार, आणि काहींना वाटलंही. पण मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब त्या तीन मिनिटांत काय करून गेले ते ज्यानं ऐकलंय त्याला सांगायला नको. माझं मत विचाराल तर त्या सक्तीनं आपल्या नाट्यसंगीताचं भलंच केलं. नाटकात वन्स मोअरवर वन्स मोअर घेत पद रात्रभर लांबायचं, रेकॉर्डवर ते नेमकं झालं.

सगळं काही कुत्रा-छाप एचएमव्हीनंच केलं असंही नाही. १९३५ च्या सुमारास मुंबईत वडाळ्याला नॅशनल कंपनीचा कारखाना निघाला, लेबल 'यंग इंडिया'. स्वदेशीचा काळ. मोठे गवई मोठ्या कंपन्यांकडे, म्हणून यांनी नवखे, हौशी, कमी नावाजलेले कलाकार घेतले. १९५५ च्या आसपास कंपनी बंद पडली. आता नीट लक्ष द्या. एचएमव्हीच्या जुन्या खजिन्याला निदान सारेगामा नावाचा वारस आहे. बंद पडलेल्या कंपनीला वारस कोण? तुमच्या-माझ्या माळ्यावर पडलेली तबकडी हीच तिथे मूळ प्रत. ती फुटली की तो गायक संपला, आणि यूट्यूबवर तो नसतो कारण कुणी चढवलाच नाही.

छोट्या गावांत या तबकड्या कुणाकडे होत्या? वकील, डॉक्टर, इनामदार यांच्याकडे चावीचा फोनो असायचा, तो सगळ्यांना ठाऊक. पण खरा साठा लाउडस्पीकरवाल्याकडे. लग्न, बारसं, गणपती, जत्रा, सगळीकडे त्याची पेटी जायची. तंबू थिएटरवाला खेळाआधी कर्ण्यावर गाणी लावायचा, ती ऐकून गाव गोळा व्हायचं. आपल्या आज्यांनी बालगंधर्व ऐकले ते बहुधा असे, दुसऱ्याच्या मांडवात. घरात रेकॉर्ड ही फार उशिराची गोष्ट. साठ-सत्तरच्या दशकात एचएमव्हीचा फिएस्टा नावाचा सुटकेससारखा प्लेअर आला, तेव्हा मास्तर आणि बँकेतल्या कारकुनाच्या घरात एलपी शिरली. १९५५ च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवर सुरू झालेलं गीतरामायण रेडिओवर ऐकताना वेळ पाळावी लागे, रेकॉर्ड घरात आल्यावर ती गरज संपली. पोरांचा हट्ट वेगळाच. १९७५ च्या शोलेच्या संवादांची पॉलिडॉरची रेकॉर्ड. गाणी नाहीत, नुसते संवाद, आणि तीही तुफान खपली.

मग हॉलमध्ये स्टिरिओ आला. सोनोडाइन, कॉस्मिक, दोन खोक्यांएवढे स्पीकर, त्यांवर क्रोशाचे रुमाल. तोवर कॅसेट आलीच होती. ऐंशीच्या दशकात टी-सिरीजनं कॅसेट इतकी स्वस्त केली की रेकॉर्ड वर्षा-दोन वर्षांत माळ्यावर गेली. आज शहरात नवी एलपी हजारोंना विकतात, कॅफेत जुन्या तबकड्या भिंतीवर ठोकतात किंवा त्यांची घड्याळं करतात. हौसेला माझी ना नाही. फक्त ठोकायच्या आधी लेबल वाचा.

कायद्याचंही सांगतो, कारण 'कॉपीराइट आहे' म्हणून हात झटकणारे भेटतात. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं. म्हणजे ७८ च्या बहुतेक सगळ्या तबकड्या त्यातून मोकळ्या. कवी आणि संगीतकार यांचा हक्क मात्र त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, ते वेगळं तपासावं लागतं. पण यादी करायला, लेबलचे फोटो काढायला कुणाचीच परवानगी लागत नाही. मुंबईत सुरेश चांदवणकर आणि सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी १९९० पासून हेच करत आलीत, 'द रेकॉर्ड न्यूज' नावाचं नियतकालिकही काढलं. सरकारी योजना नसताना, पदरमोड करून.

वाचनालयाच्या मंडळींना मी एवढंच म्हटलंय, की पेट्या काढा, पण आधी यादी करू. दोन रविवार लागतील. मी येतो, आणखी दोन-तीन जण हवेत. अक्षर चांगलं असलं की झालं, संगीतातलं कळायची अट नाही.

आणि ज्यांच्या घरात तबकड्या आहेत त्यांच्यासाठी. एकावर एक आडव्या रचू नका, वह्यांसारख्या उभ्या ठेवा. लाखेच्या ७८ ला स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावून पुसायचं नाही, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, गाणंच पुसलं जाईल. मऊ कोरडं फडकं पुरे. जुन्या फोनोची पोलादी पिन एलपीवर कधीही टेकवू नका, एका फेरीत खाचा खरवडते. वाजवायची घाई नको. लेबलचा स्वच्छ फोटो काढा, दोन्ही बाजूंचा, आणि लेबलभोवतीच्या कोऱ्या गोलात कोरलेले बारीक आकडे दिसतील असा. कोणतं ध्वनिमुद्रण आहे ते त्यावरून शोधता येतं.

फोटो मला इनबॉक्स करा. 'यंग इंडिया' दिसलं तर फोटो नंतर, आधी फोन करा.