हृदयक्रिया बंद पडून

थोर गृहस्थांच्या मृत्युवार्ता आपल्या वर्तमानपत्रांनीं वर्षानुवर्षें एकाच शब्दांत छापल्या: 'हृदयक्रिया बंद पडून देहावसान झालें.' वस्तुतः हृदयक्रिया बंद पडल्यावांचून कोणाचेंच देहावसान होत नाहीं. म्हणजे हें मृत्यूचें कारण नसून मृत्यूचेंच दुसरें नांव झालें. माझे वडील चौपन्नाव्या वर्षीं असेच एकाएकीं गेले, तेव्हां घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं 'आयुष्याची दोरी तेवढीच होती' असें म्हणून समाधान करून घेतलें. आज मीं तें वय ओलांडलें आहे. आणि ती दोरी कोठें व कशी झिजत जाते हें मनुष्याला केव्हांपासून कळूं लागलें, याचा इतिहास मला पाहण्याजोगा वाटतो.

या इतिहासाचा आरंभ अमेरिकेच्या एका राष्ट्राध्यक्षाच्या मृत्यूपासून करावा लागतो. फ्रँकलिन रूझवेल्ट यांस १९४४ च्या मार्चमध्यें हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृद्रोगतज्ज्ञानें तपासलें, तेव्हां त्यांचा रक्तदाब १८६/१०८ भरला व हृदय थकलेलें आढळलें. तरी त्यांचे खासगी डॉक्टर लोकांना त्यांची प्रकृति चांगली असल्याचेंच सांगत राहिले. १२ एप्रिल १९४५ रोजीं, वयाच्या ६३ व्या वर्षीं, मेंदूंत रक्तस्राव होऊन ते निवर्तले. त्या वेळीं रक्तदाब ३०० च्याही वर गेला होता. हा सारा लपवाछपवीचा परिणाम होता असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. वय वाढलें कीं रक्तवाहिन्या कठीण होतात आणि त्यांतून रक्त पुढें ढकलण्यास वाढीव दाब आवश्यकच असतो, अशी त्या काळच्या कित्येक नामांकित डॉक्टरांची प्रामाणिक समजूत होती. दाब बेतानें उतरविणारें खात्रीचें औषधही तेव्हां हातीं नव्हतें. आंकडा डोळ्यांपुढें होता; तो वाचण्याची विद्या नव्हती.

ती विद्या एका लहानशा गांवानें जगाला दिली. १६ जून १९४८ रोजीं राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनीं राष्ट्रीय हृदय कायद्यावर सही केली, आणि त्याच वर्षीं बॉस्टनच्या पश्चिमेस असलेल्या फ्रेमिंगहॅम येथें एक अपूर्व उपक्रम सुरू झाला. अशा कामाची त्या गांवाला संवय होती. १९१७ पासून कांहीं वर्षें क्षयरोगाची मोठी पाहणी तेथें झालेली होती. रोग जडल्यावर रोग्याकडे पाहावयाचें, ही डॉक्टरांची जुनी रीत. येथें ५,२०९ स्त्रीपुरुषांस दर दोन वर्षांनीं तपासावयाचें, आणि त्यांपैकीं पुढें कोणाला रोग जडतो याची वाट पाहावयाची, असें ठरलें. थॉमस डॉबर यांनीं कित्येक वर्षें हें काम मोठ्या चिकाटीनें चालविलें. १९६१ सालीं विल्यम कॅनेल, डॉबर व त्यांचे सहकारी यांनीं पहिल्या सहा वर्षांचा हिशेब मांडला. ज्यांचा रक्तदाब चढलेला, ज्यांच्या रक्तांत कोलेस्टेरॉल अधिक, त्यांच्यांतच हा रोग जास्त आढळला होता. त्या निबंधाच्या मथळ्यांतच 'जोखमीचे घटक' हे शब्द होते. पुढें धूम्रपान, मधुमेह, स्थूलता व बैठें जीवन यांचीही त्या यादींत निश्चिती झाली.

यांत खरी क्रांति होती ती विचाराची. दैव निकाल सांगतें. जोखीम केवळ हिशेब सांगते, आणि हिशेब वेळीं पाहिला तर सुधारतां येतो.

परंतु फ्रेमिंगहॅमचे ते रहिवासी जवळजवळ सारे युरोपीय वंशाचे होते. त्यांचा हिशेब आपल्याला लागू पडतो काय? सलीम युसुफ व त्यांचे सहकारी यांनीं ५२ देशांतून केलेली पाहणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. नऊ घटकांनीं पुरुषांतील पहिल्या झटक्याच्या जोखमीपैकीं सुमारें ९० टक्के जोखमीचा उलगडा होतो, असें तींत दिसलें. म्हणजे कारणें सर्वत्र बहुधा तींच. मात्र याच पाहणींतून असेंही निघालें कीं, दक्षिण आशियांतील लोकांना पहिला झटका इतरांपेक्षां सुमारें सहा वर्षें लवकर येतो.

शिवाय आपली जोखीम डोळ्यांना फसविते. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व इंग्लंडचे जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट'मध्यें आपल्या दोघांचें छायाचित्र छापलें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३, परंतु अंगांतील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के! पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांतही याज्ञिकांना हाच प्रकार आढळला होता: वजनानें हलकीं, पण त्या मानानें चरबी राखून असलेलीं.

माझे वडील सडपातळ होते, आणि सडपातळ म्हणजे निरोगी, हें आमच्या घरीं गृहीतच होतें. जेवणानंतरची त्यांची सिगारेट कोणाला खटकली नाहीं. त्यांचा रक्तदाब कोणी पाहिल्याचेंही मला आठवत नाहीं. त्यांच्या आयुष्याची दोरी मुळांतच आंखूड होती कीं काय, हें सांगणें माझ्या शक्तीबाहेरचें आहे. परंतु ती कोणीं कधीं मोजून पाहिली नव्हती, एवढें खरें.