वसईचा तह (१८०२) : साहाय्य, संरक्षण आणि सत्तेची पुनःस्थापना

तुंगारेश्वराच्या पायथ्याशी असलेले चिंचोटी आणि पश्चिमेस खाडीच्या मुखाशी उभा असलेला वसईचा किल्ला यांच्या दरम्यानचा मुलूख अठराव्या शतकात वारंवार राजकीय सौद्यांचा विषय झाला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने पोर्तुगीजांकडून तो जिंकून घेतला. ६ मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहाने रघुनाथरावाने कंपनीच्या लष्करी मदतीच्या मोबदल्यात साष्टी व वसई देऊ केली. १७८० च्या अखेरीस जनरल गॉडर्डने वसई घेतली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती मराठ्यांकडे परत आली. साष्टी मात्र इंग्रजांकडेच राहिली. याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी रघुनाथरावाचा पुत्र दुसरा बाजीराव याने कंपनीशी तह केला. पराभूत सत्ता परकीय साहाय्याने पुन्हा उभी करताना तिचे स्वातंत्र्य नेमके कोठे खर्ची पडते, हे समजून घेण्यास या तहाच्या वाटाघाटी विशेष उपयुक्त आहेत.

या वाटाघाटींचे मूळ मराठमंडळातील अंतर्गत कलहात होते. १८०१ च्या एप्रिलमध्ये बाजीरावाने विठोजी होळकरास पुण्यात हत्तीच्या पायी दिले. त्यानंतर यशवंतराव होळकर दक्षिणेत उतरला आणि २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसर येथे त्याने पेशवे व शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. त्याच दिवशी बाजीरावाच्या कारभाऱ्याने रेसिडेंट कर्नल बॅरी क्लोज याच्याकडे सहा पलटणी व त्यांच्या खर्चासाठी २५ लाखांचा मुलूख देण्याची संमती पोहोचविली. तत्पूर्वी शांततेच्या काळात ही फौज कंपनीच्याच हद्दीत राहावी, असा बाजीरावाचा आग्रह होता. परकीय फौज राज्यात कायमची राहणे म्हणजे काय, याची जाण त्याला नव्हती असे म्हणता येत नाही. तो आग्रह टिकविण्याचे सामर्थ्य मात्र एका दिवसात नाहीसे झाले.

याच सुमारास पुण्यात दुसरा मार्ग अद्याप खुला होता. होळकर व अमृतराव या दोघांनीही क्लोजची मध्यस्थी मिळविण्याचा यत्न केला. तथापि नोव्हेंबरच्या अखेरीस क्लोज पुणे सोडून मुंबईस गेला आणि बाजीराव महाड, सुवर्णदुर्ग या मार्गाने डिसेंबरच्या मध्यास समुद्रमार्गे वसईस पोहोचला. वाटाघाटींत एका बाजूस आश्रयार्थी पेशवा होता, तर दुसऱ्या बाजूस निजामाशी १८०० मध्ये अशाच स्वरूपाचा तह पूर्ण केलेल्या कंपनीचा प्रतिनिधी होता. तिसरा कोणीही पक्ष तेथे नव्हता.

तहाच्या अटी पाहता साहाय्याचे स्वरूप स्पष्ट होते. निदान ६,००० कवायती पायदळ, तोफखान्यासह, पेशव्याच्या राज्यात कायम राहावयाचे होते. त्याच्या खर्चासाठी २६ लाख रुपये वार्षिक उत्पन्नाचा मुलूख पेशव्याने तोडून दिला. इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या राष्ट्रांच्या युरोपियनांस नोकरीत ठेवू नये, सुरतेवरील हक्क सोडावेत, निजाम व गायकवाड यांच्याशी असलेले तंटे कंपनीच्या लवादास सोपवावेत, तसेच कंपनीशी विचारविनिमय केल्याविना अन्य सत्तांशी बोलणी करू नयेत, ही त्यातील प्रमुख बंधने होत. मार्च १८०२ मध्ये इंग्लंड व फ्रान्स यांच्यात आमियां येथे तह झाला होता. तरीही फ्रेंचांविषयीची धास्ती पहिल्या बंधनात उघड दिसते. शिवाय ही फौज शिबंदीप्रमाणे वसुलीस लावावयाची नव्हती, की मुलूखगिरीसही पाठवावयाची नव्हती. म्हणजे पेशव्याच्या देहाचे व गादीचे रक्षण तिने करावयाचे. राज्यकारभाराची घडी बसविण्याचे दैनंदिन काम मात्र आधीच क्षीण झालेल्या यंत्रणेवर, आणि तेही घटलेल्या उत्पन्नात, सोपविलेले होते.

सालबाईच्या तहाशी तुलना केली असता हा भेद अधिक ठळक होतो. तेथे महादजी शिंदे मध्यस्थ व हमीदार होता. मराठमंडळातीलच एका समर्थ सरदाराने तहाची जबाबदारी घेतल्यामुळे त्या शांततेला मंडळात आधार मिळाला आणि उभय पक्षांत ती सुमारे वीस वर्षे टिकली. वसईच्या तहात दौलतराव शिंदे, रघूजी भोसले व होळकर यांपैकी कोणाचीही संमती नव्हती. ज्यांच्याशी समेट झाल्याविना सुरक्षितता संभवत नव्हती, त्यांच्या अनुपस्थितीत सुरक्षिततेचा करार झाला. समेटाची जागा पलटणींनी घेतली.

परिणाम त्वरित दिसून आले. आर्थर वेलस्ली २० एप्रिल १८०३ रोजी पुण्यात दाखल झाला आणि १३ मे रोजी बाजीराव पुन्हा गादीवर बसला. परंतु ऑगस्टमध्ये शिंदे व भोसले यांच्याशी युद्ध सुरू झाले. असई, अडगाव व गाविलगड येथील पराभवांनंतर डिसेंबरात देवगाव व सुर्जी अंजनगाव येथे त्यांना तह करावे लागले. फौजांच्या हालचालींनी उद्ध्वस्त झालेल्या दख्खनेत १८०३-०४ मध्ये भीषण दुष्काळ पडला. गादीची पुनःस्थापना झाली. देशाची झाली नाही.

विसाव्या शतकातील एका उदाहरणाशी हे ताडून पाहता येते. १९४७ मध्ये अमेरिकेने युरोपच्या पुनर्रचनेसाठी मार्शल योजना मांडली, तेव्हा साहाय्य घेणाऱ्या देशांनी एकत्र बसून संयुक्त कार्यक्रम आखावा, अशी अपेक्षा ठेवली. त्यातून १९४८ मध्ये युरोपीय आर्थिक सहकार्याची संघटना स्थापन झाली. त्या योजनेतही साहाय्यदात्याचा स्वार्थ होताच. परंतु तेथील अटीने साहाय्य घेणाऱ्यांना परस्परांशी बोलावयास लावले, तर वसईच्या अटीने पेशव्याचे आपल्याच मंडळाशी बोलणे कंपनीच्या अनुमतीवर अवलंबून ठेवले. साहाय्याचे मोल केवळ दिलेल्या मुलुखावरून ठरत नाही. घेणाऱ्याच्या हाती निर्णयाची कोणती साधने उरतात, यावरून ते ठरते.

बाजीरावाच्या हाती अशी साधने फारशी उरली नाहीत. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहाने कल्याणपासून उत्तरेस गुजरातपर्यंतचा कोकणचा मुलूख कंपनीकडे गेला. ज्या भूमीवर पेशव्याने संरक्षण मिळविले होते ती वसई आणि तिच्या पूर्वेचा चिंचोटीचा परिसर अशा रीतीने साडेचौदा वर्षांत संरक्षकाच्याच अमलाखाली आला. आणि ३ जून १८१८ रोजी बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला, तेव्हा राखण्यासारखी गादीही उरली नव्हती.