टेबलावरचे गलबत केवढे असावे?

कोडोली हे पन्हाळा तालुक्यातले गाव. इथून समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. इथल्या वर्गात मराठ्यांच्या आरमाराचा धडा सुरू झाला, की मुलांना तो कुठल्या तरी दूरच्या मुलखाचा वाटतो. पण कोल्हापूरच्या राज्याला एके काळी स्वतःचा किनारा होता, आरमारही होते. १८१२ च्या तहाने मालवण आणि सिंधुदुर्ग इंग्रजांकडे गेले आणि हा संबंध तुटला. म्हणजे हा इतिहास कोडोलीच्या मुलांना परका नाही, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही.

तो दिसावा यासाठी एक जुनी युक्ती आहे. लहान लहान नौका टेबलावर मांडायच्या आणि लढाई पुन्हा लढून पाहायची. स्कॉटलंडचा जॉन क्लार्क आरमारात कधीच नव्हता. त्याने अशाच छोट्या नौका मांडून विचार केला आणि १७८२ मध्ये आरमारी डावपेचांवर निबंध लिहिला. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, लिव्हरपूलमध्ये जमिनीवर आखलेल्या समुद्रात जर्मन पाणबुड्यांविरुद्धचे डाव तपासले जात होते. आजही हौशी मंडळी ग्रीक आणि रोमन काळातल्या वल्ह्यांच्या युद्धनौका, म्हणजे गॅली, टेबलावर लढवतात. १९८७ मध्ये ग्रीसने ‘ऑलिंपियास’ ही १७० वल्ह्यांची नौका प्राचीन ट्रायरीमच्या धर्तीवर बांधली. ती सुमारे ३७ मीटर लांब आहे. या खेळात रूढ असलेल्या १:१२०० या प्रमाणात ती जेमतेम ३ सेंटिमीटर भरते.

पण वल्ह्यांच्या युद्धनौकांसाठी ग्रीसपर्यंत जायला नको. आपल्या किनाऱ्यावर त्या होत्याच. कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने अठराव्या शतकात आंग्र्यांच्या नौकांचे तपशीलवार वर्णन केले आहे. गुराब ही मोठी नौका. दोन डोलकाठ्यांची गुराब १५० टनांपर्यंत, तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची. ती रुंद असे आणि पाण्यात फार थोडी बुडे. तिची पुढे आलेली नाळ ऑर्मला भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी वाटली. नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा असत. गलबत हे गुराबीच्याच घाटाचे, पण लहान. मोठ्यात मोठे गलबत ७० टनांचे. त्याला चाळीस-पन्नास दणकट वल्ही असत आणि ते ताशी सुमारे चार मैल वेगाने वल्हवता येई.

आता प्रतिकृती बनवू. मुलांना विचारा, ७० टनांचे गलबत ५ सेंटिमीटरचे केले, तर ३०० टनांची गुराब केवढी करावी? बहुतेक जण चौपटीहून जास्त, म्हणजे एकवीस-बावीस सेंटिमीटर सांगतील. पण टन हे इथे नौकेत किती माल मावतो याचे माप आहे, म्हणजेच ते घनफळाशी जोडलेले आहे. घाट सारखा असेल, तर लांबी घनमुळाच्या प्रमाणात वाढते. ३०० भागिले ७० म्हणजे सुमारे ४.३, त्याचे घनमूळ सुमारे १.६. म्हणून मोठी गुराब ८ सेंटिमीटरची आणि दोन डोलकाठ्यांची साडेसहा सेंटिमीटरची पुरते. टेबलावर राक्षसी गुराब आणि चिमुकली गलबते मांडली, तर लढाई सुरू होण्याआधीच आपण मुलांना चुकीचा इतिहास शिकवलेला असतो.

पुढचा प्रश्न समुद्राचा. १ सेंटिमीटर म्हणजे २० मीटर धरू आणि एक चाल म्हणजे एक मिनिट. ताशी चार मैल म्हणजे मिनिटाला सुमारे १०७ मीटर. तेव्हा वल्हवलेले गलबत एका चालीत सुमारे साडेपाच सेंटिमीटर पुढे जाईल. या हिशेबात आपले ५ सेंटिमीटरचे गलबत शंभर मीटर लांब ठरते आणि ते अर्थातच खोटे आहे. पण समुद्राच्या प्रमाणात गलबत केले, तर ते बोटांनी धरताही येणार नाही. ही तडजोड मुलांपासून लपवू नये. अंतर नेहमी डोलकाठीपासून डोलकाठीपर्यंत मोजावे, म्हणजे चूक आटोक्यात राहते.

लढाई कोणती घ्यावी? आम्ही खांदेरी सुचवू. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांच्या माणसांनी मुंबईसमोरच्या या बेटावर तटबंदी सुरू केली आणि इंग्रजांनी बेटाची नाकेबंदी केली. १८ ऑक्टोबरला दौलतखानाची चाळीसहून अधिक गलबते इंग्रजांच्या आठ नौकांवर चालून आली. इंग्रजांची ‘डव्ह’ ही गुराब मराठ्यांच्या हाती पडली. गुराब दोन्ही बाजू वापरत, हेही यातून कळते. पण केग्विनची ‘रिव्हेंज’ ही मोठी नौका तोफांच्या बळावर टिकली. काही गलबते बुडाली, उरलेली नागोठण्याच्या उथळ पाण्याकडे वळली. तिथे ‘रिव्हेंज’ला त्यांच्यामागे जाता आले नाही.

ऑर्मचे वर्णन खांदेरीनंतर सुमारे ऐंशी वर्षांनी लिहिलेले, तेही इंग्रजांच्या बाजूने. म्हणून आपली मापे अंदाजाची आहेत. पण उथळ पाणी आणि वल्ही यांचा हिशेब दोन्ही काळांत सारखाच.

म्हणून प्रतिकृती निवडताना शोभेपेक्षा तीन गोष्टी पाहाव्यात. वल्ही ठसठशीत दिसली पाहिजेत. नाळ पुढे आलेली हवी. तळ चपटा हवा. बाजारातली अनेक तोफांची युरोपीय जहाजे देखणी असतात, पण ती मराठ्यांच्या बाजूला मांडली, की खेळ कुणाच्या तोफा जास्त एवढ्यावरच येतो. कडब्याच्या ताटाचा भेंड, खराट्याचा हीर आणि कागदाचे तिकोनी शीड यांतून गलबत सहज होते. नियमही थोडेच लागतात. प्रत्येक चालीला वाऱ्यासाठी फासा टाकावा. वारा पडला, की शिडाची नौका थांबेल, गलबत चालत राहील. लागेल तेव्हा ते गुराबीला ओढूनही नेईल, कारण आंग्र्यांची गलबते तसे करतच. खाडीची उथळ पट्टी खडूने आखावी आणि तिथे मोठ्या नौकेला मज्जाव करावा.

सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे विजय कशाला म्हणायचे ते आधी ठरवावे. बुडालेल्या नौका मोजल्या, तर १८ ऑक्टोबरचा दिवस इंग्रजांना आपला वाटेल. पण गलबते नाकेबंदीतून निसटून बेटावर रसद पोचवत राहिली आणि १६८० मध्ये इंग्रजांना माघार घ्यावी लागली. बेट मराठ्यांकडेच राहिले. म्हणून गुण द्यायचे ते खांदेरीला किती गलबते पोचली यावर.

हाच संच घेऊन मग विजयदुर्ग खेळावा. फेब्रुवारी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांचे आरमार बंदरातच नांगरलेले होते. इंग्रजांच्या माऱ्याने एका नौकेला आग लागली आणि ती पसरत जाऊन जवळजवळ सारे आरमार जळाले. त्या मोहिमेत पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. टेबलावर तीच गलबते, तीच वल्ही, पण हलायला जागा नाही. पराक्रम ओसरला म्हणून पराभव झाला, की परिस्थिती बदलली म्हणून? याचे उत्तर शिक्षकांनी लगेच देऊ नये. मुलांना गलबते हलवू द्यावीत.